कूसु चलो ऐति

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पस्तिसावा आठवडा, माहेर रत्नागिरीकडचं, सासर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नवरा आठवडाभर नोकरीच्या गावी. बाळ दिवसा गप्प असतं आणि रात्री अकरानंतर लाथा मारतं. खऱ्या कळा ओळखता येतील की नाही याची धास्ती. मावशीचं बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, ते डोक्यातून जात नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई कानडी बोलतात ते कळत नाही. आणि शेवटी, "मला आई होणं जमणारच नाही." मी याच तालुक्यात एका खेड्यात अंगणवाडीत १९ वर्षं काम करते. माझी दोन बाळंतपणं झाली, घरात जावांची तीन निभावली. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी बाळाचं हलणं, कारण ते आजच बघायचं आहे. दिवसा तू चालतेस, कामं करतेस, त्या हेलकाव्यात बाळाला झोप लागते आणि तुझंही लक्ष नसतं. रात्री तू आडवी झालीस की दोघंही जागी. पण नुसत्या माझ्या म्हणण्यावर राहू नकोस, मोज. जेवण झालं की डाव्या कुशीवर पड, मोबाइल लांब ठेव. लाथ, वळणं, सरकणं सगळं धर. उचक्या तेवढ्या धरू नकोस. दोन तासांत दहा व्हायला हव्यात, बहुतेक वेळा त्याआधीच होतात. झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. कुणीतरी म्हणेलच, "शेवटी शेवटी जागा कमी पडते, मग बाळ हलत नाही." माझ्या सासूबाईही म्हणायच्या, मायेनंच म्हणायच्या, पण ते खरं नाही. लाथेची तऱ्हा बदलते, हलणं कमी होत नाही.

आता कानडी. माझी धाकटी जाऊ साताऱ्याची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आठव्या महिन्यात तपासणीला नेली. नर्सबाईंनी पोटावर यंत्र फिरवून ठोके ऐकले आणि हसून म्हणाल्या, "कूसु चलो ऐति." जावेला ऐकू आलं, "कूस... चलो!" ती ताडकन उठली, एका पायात चप्पल, पदर खांद्यावरून सुटलेला, आणि बाहेर येऊन माझ्या दिराला म्हणते, "अहो, चला म्हणतायत, आत्ताच न्यायचंय!" दीर धावत रिक्षा बघायला गेले. मी आत जाऊन विचारलं तेव्हा कळलं. इकडच्या कानडीत कूसु म्हणजे बाळ, चलो म्हणजे चांगलं. बाळ छान आहे, एवढंच त्या सांगत होत्या. नर्सबाई पोट धरून हसल्या, जावेला जवळ बसवून तेच वाक्य तीनदा म्हणून घेतलं. त्यानंतर ती आपणहून विचारायची, "कूसु चलो ऐति?"

तू पण हे वाक्य पाठ कर. ब्यानी म्हणजे दुखणं, कळांनाही ब्यानीच म्हणतात. नीर म्हणजे पाणी. रक्त तिकडेही रक्तच. बहुतेक नर्सबाईंना मराठी येतं, कामाच्या घाईत तोंडात कानडी बसते इतकंच. "मराठीत सांगा" म्हणायला लाजू नकोस, आणि न समजता मान हलवून घरी तर मुळीच येऊ नकोस. तुझी निम्मी भीती न विचारलेल्या प्रश्नांची आहे असं मला वाटतं. तायी कार्डाच्या, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्या लिहितात त्या कार्डाच्या, पाठीला एक कागद टाचून ठेव, घरी सुचलेले प्रश्न त्यावर लिही आणि तपासणीला गेलीस की एकेक करून विचार.

कळांचं म्हणशील तर, खोट्या कळा येतात-जातात, कूस बदलली, पाणी प्यालं, चार पावलं चाललं की विरतात. खऱ्या कळा वाढतच जातात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चाललं की निघायचं. पहिलटकरणीला बारा तास, कधी त्याहून जास्तही लागतात, तेव्हा खानापूर ते बेळगावचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर सहसा आरामात होतात. पण तुझं गाव जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला असेल आणि पावसाळा असेल, तर तारखेच्या आधीच खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे येऊन राहा. तारीख तरी कुठे पक्की असते? नेमक्या दिलेल्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फुटल्यासारखं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात एकाएकी सुजले, किंवा छातीखाली पोटात जोरात दुखलं, तर कळांची वाट बघायची नाही. १०८ ला फोन.

मावशीच्या रक्ताबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण हे आपल्या जिल्ह्याचं काम आहे आणि इथल्याच बायकांना ते माहीत नसतं. बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० बायकांवर एक अभ्यास झाला, २००६ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात छापून आला. गावातल्या नर्सबाईंनी बाळंतपण होताच निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आवळणाऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या. साध्या गोळ्या घेतलेल्यांत शंभरात बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत सहा-साडेसहा जणींना. आपल्यासारख्याच गावच्या बायकांनी त्यात भाग घेतला, आणि त्याचा उपयोग जगभरच्या बायकांना झाला. दवाखान्यात आता बाळ बाहेर येताच गर्भाशय आवळण्याचं इंजेक्शन देतात. तू मावशीची गोष्ट डॉक्टरांना सांग, हिमोग्लोबिन किती ते विचार आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. शी काळी होते म्हणून कितीतरी जणी घाबरून गोळ्या बंद करतात. ती लोहामुळेच काळी होते. आणि अंगणवाडीत सरकारच्या मातृपूर्ण योजनेत गरोदर बायकांना नि बाळंतिणींना जेवण मिळतं, २०१७ पासून. अंडं, दूध, चिक्की असते. सून अंगणवाडीत जेवायला गेली तर लोक काय म्हणतील, असं घरात कुणी म्हणालं तर माझं नाव सांग.

बाळ झाल्यावरही धास्ती संपत नाही, जागा बदलते फक्त. थोरल्या जावेचं बाळ तीन दिवसांचं असताना रात्री दोन वाजता मोठे दीर पाळण्यापाशी बसलेले. बाळाचा श्वास मध्येच थांबतो असं त्यांना वाटलं. त्यांनी वातीतून कापसाचा तंतू काढला, बाळाच्या नाकासमोर धरला. तंतू हलला, बाळ फटकन शिंकलं, आणि दिरांनी "अगं जिवंत आहे गं!" म्हणून सगळं घर उठवलं. नवजात बाळाचा श्वास पाच-दहा सेकंद थबकतो नि पुन्हा चालू होतो. जास्त वेळ थांबला किंवा ओठ निळे पडले तर मात्र पळायचं. वजनही पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं; तेवढ्यावरून "दूध पुरत नाही" म्हणून बाटली आणू देऊ नकोस. चीक पाजायचाच, आणि मध, गुटी काही नको.

आता तुझं शेवटचं वाक्य. माझी थोरली पोटात असताना मीही हेच म्हणत होते, आणि ती झाल्यावर चौथ्या दिवशी मी अळिवाचा लाडू हातात धरून हुंदके देत बसले होते. कारण काहीच नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं रडू पुष्कळ जणींना येतं, आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं, झोप-भूक उडाली, बाळाकडे बघवेना, तर डॉक्टरांना सांगायचं किंवा १४४१६ या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी नंबरला फोन करायचा, मोफत आहे. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला दे. तुला त्या दिवसांत सुचणार नाही, त्याला सुचायला हवं.

आता जेवून घे आणि डाव्या कुशीवर पड. दहा झाल्या की किती वेळात झाल्या ते लिही, मी जागी आहे.