कोणत्या पानावर थांबलात?

"मॅडम, हे पुस्तक मी वाचायलाच नको होतं का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. पुस्तकं वेगवेगळी असतात, पण जात एकच. कुणीतरी आपल्या बालपणाबद्दल लिहिलेलं असतं: घरातला मार, उपास, नको ते स्पर्श, आणि मग आश्रम किंवा परक्यांची घरं. मराठीत इंदुमती जोंधळे यांचं 'बिनपटाची चौकट' वाचून आलेल्या बायका मला भेटल्या आहेत. इंग्रजी पुस्तकं तर आता मोबाइलवर रात्री अकरा वाजता सुरू होतात आणि तीनला संपतात. मग आठवडाभर झोप नाही, जेवण जात नाही, घरच्यांवर विनाकारण चिडचिड. आणि वर शरम, की एका पुस्तकानं आपलं एवढं कसं झालं.

वैशालीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हा मजकूर तिने आधी वाचून हो म्हटलंय. वय ४१, पतसंस्थेत नोकरी, नवरा, तेरा वर्षांची एक मुलगी. मुलीच्या मैत्रिणीकडून घरात एक पुस्तक आलं, 'अ चाइल्ड कॉल्ड इट'. डेव्ह पेल्झर या अमेरिकन माणसाचं. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटी गावात आई त्याला उपाशी ठेवायची, मारायची, आणि पुढे पुढे तर नावानं हाकही मारेनाशी झाली, 'ते' म्हणायची, असं तो सांगतो. पुस्तक १९९५ सालचं. दुसरा भाग १९९७ चा, त्यात तो सरकारी व्यवस्थेतून एकामागून एक परक्या कुटुंबांत कसा राहिला ते येतं. मुलीसाठी चालेल का हे बघायला म्हणून वैशालीनं पहिला भाग उघडला. पाच रात्रींत दोन्ही भाग संपले.

त्यानंतर ती रात्री तीनच्या सुमारास उठायची. स्वयंपाकघरात जायची, फ्रिज उघडायची, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढून बघायची आणि परत येऊन पडायची. खायची काहीच नाही. फक्त उरलंय का ते बघायची. नवऱ्यानं एकदा विचारलं तर त्याच्या अंगावर धावून गेली, आणि त्या भांडणानंतरच ती माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधी सांगते. लक्षणं ऐकली आणि म्हटलं, "सध्या पुस्तक बाजूला ठेवा, महिनाभर असलं काही वाचू नका." सल्ला पुस्तकी दृष्टीनं चुकीचा नव्हता. पण पुढच्या आठवड्यात ती आली ती बंद होऊन. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही पुस्तक ठेवायला सांगितलंत, तेव्हा वाटलं, एकच कुणीतरी मला कळून घेतंय आणि तेही तुम्ही काढून घेताय." मी त्या पुस्तकाकडे ताप आणणाऱ्या दूषित पाण्यासारखं बघत होते. तिच्यासाठी ते सोबतीचं माणूस होतं. रात्री तीनला जागं असलेलं दुसरं कुणीतरी.

तेव्हापासून मी असं वाचून अस्वस्थ झालेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारते: कोणत्या पानावर थांबलात? कुठलं पान पुन्हा पुन्हा काढून वाचता?

माणसांना वाटतं, सर्वात भयंकर प्रसंगानं आपल्याला हलवलं असणार. बहुतेक वेळा तसं नसतं. वैशालीला मारहाणीची पानं वाचताना रडू आलंच नव्हतं. ती सरसर उलटून गेली होती. ती अडकली होती पहिल्या प्रकरणात. त्या पुस्तकाची सुरुवातच सुटकेनं होते. तारीख ५ मार्च १९७३. शाळेतली नर्स मुलाच्या अंगावरच्या खुणा बघते, शाळेतली मोठी माणसं एकत्र येतात, पोलीस येतो आणि त्या मुलाला घेऊन जातो. हे प्रकरण तिनं बहुधा दहा वेळा वाचलं असेल.

"त्या पानावर काय आहे?" मी विचारलं.

"त्याच्याकडे कुणीतरी बघितलं ओ."

मग तिचं स्वतःचं आलं. तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यानं, तीन भेटींत. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची. आईला धाकट्याला घेऊन पुण्याला कामाला जावं लागलं आणि वैशालीला वाळवा तालुक्यातल्या मामाकडे ठेवलं. 'दोन वर्षं' म्हणून ठेवलं होतं, नऊ वर्षं राहिली. मामा कुणाला वाईट बोलणारा नव्हता, पण तो कुणाला काहीच बोलणारा नव्हता. मामीनं एक-दोन वेळा सोडलं तर हात उगारला नाही. पण भाकरी मोजून. मामेभावंडं उठल्यावर हिचं ताट. दुसऱ्यांदा कालवण मागितलं की, "आयतं गिळायला बसलीय." शाळेतून आल्यावर पाणी भरायचं, शेण काढायचं. सणाला भावंडांना नवीन कपडे, हिला त्यातल्याच कुणाचा तरी आखूड झालेला फ्रॉक. आणि पाहुण्यांसमोर ओळख करून देताना, "नणंदेची हाय, ठेवलीया."

ठेवलीया. हा शब्द तिनं ज्या आवाजात उच्चारला तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं लगेच हात झटकले. "पण मॅडम, त्याच्यापुढे माझं काय? तो पोरगा दिवसच्या दिवस उपाशी. मला रोज जेवायला मिळत होतं. मामानं दहावीपर्यंत शिकवलं. मी रडतेय कशाला?"

मला या अनुभवातून सर्वात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. टोकाच्या हालांच्या आत्मकथा वाचकाला शब्द देतात, हे खरंच. आपल्याकडे 'मारलं' आणि 'लाडानं वाढवलं' याच्यामधल्या गोष्टींना नावंच नाहीत, आणि अशी पुस्तकं ती नावं पुरवतात. पण त्याच वेळी ती हातात एक माप देतात. त्या मापात आपलं दुःख भरत नाही, तळाला जातं, आणि माणूस म्हणतो की म्हणजे आपलं काही नव्हतंच. पुस्तकानं जे उघडलं ते पुस्तकाच्याच आकारानं परत झाकलं जातं. मग रात्री तीनला भाताचं पातेलं उघडून बघणारे हात कुणाचे, याला उत्तर उरत नाही.

मी तिला विचारलं, "तुमच्या मुलीला कुणी नऊ वर्षं भाकरी मोजून दिली, आणि सांगितलं की उपाशी तर ठेवलं नाही, तर?" ती एकदम उठून उभी राहिली. उत्तर दिलं नाही. पाणी प्यायली आणि परत बसली.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं, कारण आपल्याकडचे वाचक ही पुस्तकं वाचताना हमखास म्हणतात, 'हे अमेरिकेतलं, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे.' तिकडे न्यायालय मुलाला घरातून काढतं, सरकार दुसऱ्या कुटुंबाला पैसे देतं, सोशल वर्कर भेटी देते. त्या व्यवस्थेचे दोष त्या पुस्तकांतूनच कळतात. आपल्याकडे हेच काम मामा, काका, आजी यांनी पिढ्यान् पिढ्या केलं, आणि अनेकांनी ते पोटच्या पोरासारखं केलं. माझी स्वतःची आई अशीच चुलत्यांकडे वाढली आणि त्यांचं नाव काढलं की तिचे डोळे भरून यायचे. पण नातलगाच्या घरी ठेवलेल्या मुलाला 'बरं आहे ना' असं विचारायला कुणी येत नाही. आज बाल न्याय कायदा २०१५ मध्ये पालक-कुटुंबाची, म्हणजे मुलाला सांभाळायला दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याची, तरतूद आहे, बाल कल्याण समिती आहे, आणि नातलगांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि माझ्या मते पैशाइतकंच मोलाचं हे की त्या मुलाची कुठेतरी नोंद होते. वैशालीची नोंद शाळेच्या हजेरीपटाखेरीज कुठेच नव्हती.

आणखी एक गोष्ट घडली. नवऱ्यानं तिला समजवायला म्हणून म्हटलं, "अगं, असलं सगळं पैशासाठी लिहितात. खरं कशावरून?" त्या एका वाक्यानं ती आठवडाभर कोसळली. नवऱ्याचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. अमेरिकेत २००८ साली परक्या कुटुंबात वाढल्याची एक गाजलेली आत्मकथा पूर्ण बनावट निघाली आणि प्रकाशकाला प्रती परत मागवाव्या लागल्या. पेल्झरच्या बाबतीतही त्याच्या एका भावानं बरंच काही नाकारलं आहे, तर दुसऱ्यानं दुजोरा दिला आहे. पण वैशालीला ऐकू आलं ते वेगळंच: 'तुझं तरी खरं कशावरून?' मी नवऱ्यालाही एकदा बोलावलं. माणूस चांगला. त्याला काहीच माहीत नव्हतं; लग्नाला सोळा वर्षं झाली तरी 'मामाकडे शिकले' एवढंच तिनं सांगितलं होतं. पुस्तक खरं की खोटं यावर वैशालीची भाकरी अवलंबून नाही, हे त्याला लगेच कळलं. तिला कळायला वेळ लागला.

तिला दुसरीही भीती होती, आणि ती अशा वाचकांमध्ये फार आढळते. "मला न आठवणारं असंही काही घडलं असेल का? मामांच्या घरी येणारे-जाणारे खूप होते." मी तिला स्पष्ट सांगितलं की आपण उकरायचं नाही. जे आठवतं तेवढं पुरेसं आहे. स्मृती मऊ असते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रसिद्ध प्रयोगात २४ जणांना लहानपणी बाजारात हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांकडून आलेली म्हणून वाचायला दिली, आणि जवळजवळ चौथ्या हिश्श्याला ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. याचा अर्थ अत्याचाराच्या आठवणी खोट्या असतात असा मुळीच नाही. अनेकांना त्या आयुष्यभर लख्ख आठवत असतात, फक्त बोलायला कुणी नसतं. अर्थ एवढाच की रात्री जागून, दुसऱ्याचं पुस्तक उशाशी ठेवून, आपल्या भूतकाळात शोध घ्यायला जाऊ नये. कुणी समुपदेशक 'तुमच्या बाबतीत नक्की काहीतरी झालं असणार' असं म्हणाला तर तिथून उठावं.

मग आम्ही काय केलं? पुस्तक तिच्याकडेच ठेवलं. फक्त वाचनाची वेळ बदलली: दिवसा, घरात दुसरं कुणी असताना, एका वेळी एक प्रकरण, आणि त्यानंतर हातानं करायचं काहीतरी काम. भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं. छातीत धडधड सुरू झाली की पुस्तक बंद करून पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणायच्या. हे साधं वाटतं, पण शरीराला 'आज कोणतं साल आहे' ते यातूनच कळतं. दीड महिना आम्ही जवळजवळ एवढंच केलं. झोप साडेपाच-सहा तासांवर आली तेव्हा लिहायला सांगितलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांपासून ही पद्धत आहे: ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. लिहिल्यावर लगेच बरं वाटत नाही, उलट त्या दिवशी जड वाटतं, हे आधी सांगावं लागतं. झोप सावरलेली नसताना तर हे करूच नये. तिला मी एकच अट घातली. पेल्झरचं नाव त्यात येता कामा नये.

तिसऱ्या दिवसाचा कागद तिनं आपणहून मला वाचून दाखवला. त्यात चौथीतल्या एका बाई होत्या. दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या 'माझा डबा संपत नाही गं' म्हणून तिला अर्धा डबा खायला लावायच्या. पोळी आणि गुळांबा. वर्षभरानं बाईंची बदली झाली. या बाईंना वैशाली कधीच विसरली नव्हती. पण त्यांचा डबा संपत नव्हता म्हणून नव्हे, त्यांना दिसत होतं म्हणून त्या देत होत्या, हे तिच्या वयाच्या ४१ व्या वर्षी, तो कागद लिहिताना ध्यानात आलं.

वाचणाऱ्यांत शिक्षक असतील तर त्यांना एवढंच: आज डबा देऊन थांबू नका. संशय आला तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो फुकट आणि चोवीस तास चालतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. आणि ज्यांना स्वतःसाठी, आत्ता, रात्री कुणाशी बोलायचंय त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

राहिली मुलगी. मूळ प्रश्न तिचाच होता, नाही का? पोरीनं पुस्तक आधीच अर्धं वाचलं होतं, मैत्रिणीकडे बसून. तिला झोप व्यवस्थित लागत होती. या वयाची मुलं अशी पुस्तकं वाचतात ती बहुतेकदा जग किती वाईट असू शकतं आणि त्यातून माणूस वाचतो का, हे तपासायला. मूल गप्प झालं, खाणं-झोप बिघडली, एखाद्या माणसाला टाळू लागलं, तर वेगळी गोष्ट. तेव्हा पुस्तकावर नाही, मुलावर लक्ष द्यायचं. वैशालीनं उरलेलं पुस्तक मुलीसोबत वाचलं. मुलीनं मध्येच विचारलं, "आई, तू का रडतेस?" आणि वैशालीनं तिला मामाच्या घरची भाकरीची गोष्ट सांगितली, जेवढी तेरा वर्षांच्या मुलीला सांगता येते तेवढी.

मामी अजून आहेत, थकल्या आहेत. त्यांना भेटायचं का, काही बोलायचं का, हे ठरलेलं नाही, आणि मी घाई करत नाही. रात्री ती अजूनही कधीकधी उठते आणि पातेल्यावरचं झाकण काढून बघते. आमचं ठरलंय की बघायचं. नवरा रात्री मूठभर भात मुद्दाम मागे ठेवतो.