लिंक्सवर जायचंय? आधी एक गाव पकडा

प्रश्न : आम्ही चेंबूरला दर रविवारी गोल्फ खेळणारे चौघे. जूनमध्ये आठ दिवसांत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज, डॉर्नॉक, प्रेस्टविक आणि आयर्लंडमधल्या बॅलिबनियनच्या लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ मैदानांवर, खेळायचा बेत आहे. जमेल ना?

उत्तर : जमेल, पण गोल्फपेक्षा गाडीतल्या डुलक्याच जास्त होतील. सेंट अँड्र्यूजहून नुसतं डॉर्नॉक गाठायलाच चारेक तास लागतात. बॅलिबनियन तर वेगळ्याच देशात.

माझं ऐकाल तर फक्त फाइफ, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या आसपासचा परगणा धरा. सेंट अँड्र्यूजला एकदाच बॅगा उघडा आणि रोज तिथूनच निघा. क्रेलचा क्लब १७८६ चा, एका अंगाला समुद्र. एलीला तर पहिल्याच टीसमोर, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारतात त्या जागेसमोर, चढ आहे. पलीकडे कोण खेळतंय ते दिसत नाही, म्हणून खेळाडूंना पाळीपाळीने सोडणाऱ्या स्टार्टरच्या खोलीत चक्क जुन्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय! त्यातून पुढची मंडळी लांब गेलीत का ते बघायचं, मगच चेंडू मारायचा. हात फारच शिवशिवले तर एक दिवस टे नदीचा पूल ओलांडून कार्नुस्टीला जा. १९९९ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या होलवर तीन शॉट्सची आघाडी घेऊन आलेल्या फ्रेंच खेळाडू व्हॅन द वेल्डचा चेंडू तिथल्याच बॅरी बर्न ओढ्यात गेला होता. काठावर उभं राहिलं की वाटतं, एवढासा तर ओढा!

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून काही रोज ३६ होल्स, म्हणजे दोन फेऱ्या, लावू नका. बग्गीची सवय असेल तर आतापासून चालायला लागा.

प्रश्न : एजंट म्हणतो, सेंट अँड्र्यूजचं प्रसिद्ध मैदान ओल्ड कोर्स त्याच्या पॅकेजशिवाय मिळतच नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही. खेळायच्या दोन दिवस आधी बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत नावं द्यायची, किमान दोघांची. ही सोडत म्हाडाच्या सोडतीपेक्षा बरी, जवळपास रोज निघते. आज नाही लागलं तर उद्या पुन्हा नाव द्या. एकाच गावात मुक्काम करा म्हणतो ते यासाठीच. एकट्यांसाठी वेगळी सोडत असते. क्लबकडून हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. आणि हो, हंगामात माणशी ३०० पौंडांच्या वर फी आहे, तेव्हा नंबर लागल्यावर तोंड पाडू नका.

प्रश्न : जाण्याआधी नेमका कशाचा सराव करावा?

उत्तर : चेंडू खाली ठेवण्याचा. लिंक्स म्हणजे समुद्रालगतची वाळूची जमीन. पाणी झटकन जिरतं, गवत आखूड, खाली टणक. पहिल्याच दिवशी मी ऐटीत लॉब वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, काढला. काठी जमिनीवरून उडाली, चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, डोक्यावरून थेट काटेरी झुडपात. बॅग वाहणाऱ्या कॅडीने काही न बोलता माझ्या हातात पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी, दिला. ग्रीनच्या वीस पावलं अलीकडून पट करायला आपल्याला लाज वाटते, तिथे कोणाला वाटत नाही. मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी, आपल्याकडच्या सुक्या कडक जागेवरून हेच करून बघा. छत्री मात्र घरीच ठेवा. तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते; चांगला रेनसूट घ्या.

प्रश्न : सौ. गोल्फ खेळत नाहीत. त्यांना कंटाळा येईल का?

उत्तर : ओल्ड कोर्सला लागूनच ‘हिमालयाज’ नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे, १८६७ पासून बायकांच्या क्लबचं. थोडक्या पैशांत कोणीही खेळावं. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवर फिरायला येतात. त्या दिवशी दोघं जा. आमच्या सौ. हिमालयाजवर मला दोन स्ट्रोक्सने हरवून आल्या आणि आता पुढच्या वर्षीचं विचारतायत.