गाय पहिल्यांदाच विणार आहे? मग एवढं सांभाळा

पहिल्यांदा विणाऱ्या गाईला कसं सांभाळायचं, हे तुम्ही आधीच विचारलंत, फार चांगलं केलंत. सर्वात मोठी चूक घाईची असते. पाय दिसले की लोक ओढायला लागतात. तसं करू नका. पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसत असेल, तर वासरू सरळ आहे. गाईला तिचं काम करू द्या. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) फुटून तासभर झाला आणि काहीच पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय अथवा नुसती शेपटी दिसत असेल, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा. नंबर आधीच हाताशी ठेवा.

वासरू बाहेर आलं की:
- नाका-तोंडातला चिकट द्रव पुसा, गाईला वासरू चाटू द्या.
- नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.
- चीक (विल्यानंतरचं पहिलं दाट दूध) पहिल्या दोन तासांत पाजाच. वार (वासरानंतर बाहेर पडणारं गर्भाचं आवरण) पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवतात, ते अगदी चुकीचं. वासराच्या आतड्याची चिकातले रोगप्रतिकारक घटक शोषण्याची ताकद तासागणिक कमी होते.

वार १२ तासांत पडली नाही तरी ओढू नका, वजनही बांधू नका, पशुवैद्यकाला दाखवा. जागा कोरडी, स्वच्छ ठेवा. बहुतेक गाई मदतीशिवाय नीट वितात.