व्यसनमुक्ती केंद्राच्या नावातले ‘संशोधन’ म्हणजे नेमके काय असते?

थोरल्या भावाला दारू सोडवण्यासाठी मुंबईतल्या केंद्रात दाखल करायचे ठरले आहे, पण फलकावरचा ‘संशोधन’ हा शब्द वाचून ‘ह्यांच्यावर प्रयोग करतील’ अशी धास्ती वहिनींनी घेतली आहे, असे आपण लिहिले आहे. अशाच एका केंद्रात मी नऊ वर्षे समाजसेवक होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिला आठवडा शरीराचा असतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे चौथ्या दिवसापर्यंत काहींना भास होऊ लागतात; म्हणून घरात कोंडून दारू तोडण्याचा प्रयोग (खरा प्रयोग तोच!) कृपया करू नये. वॉर्डात सिस्टर रुग्णाला दोन्ही हात पुढे करून बोटे फाकवायला सांगतात, थरथर किती आहे ते पाहून गुण देतात आणि घाम, मळमळ, भास, अस्वस्थता अशा एकूण दहा गोष्टींचे गुण मिळवून, कमाल 67 पैकी किती झाले त्यावर औषधाची मात्रा ठरते. ‘आधी ग्लुकोजचे सलाइन लावा’ असा आग्रह नातेवाईक हमखास धरतात. पण ब-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्याआधी ग्लुकोज चढवल्यास अशा रुग्णाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

त्यानंतर समुपदेशन, गटचर्चा, कुटुंबीयांच्या बैठका. याबद्दल आपण इतरत्र वाचले असेलच.

आता संशोधन. आमच्याकडे त्याचा मोठा भाग म्हणजे घरी गेलेल्या माणसाचा माग ठेवणे. समजा, शंभर जणांपैकी वर्षाअखेरीस चाळीसच सापडले आणि त्यांतले तीस जण दारूपासून दूर होते, तर हे यश 75 टक्के म्हणायचे की 30? जाहिरातीत पहिला आकडा छापला जातो. प्रामाणिक नोंदवहीत न सापडलेल्या साठांचाही हिशेब असतो. मुंबईत तर माणूस हरवायला वेळ लागत नाही. लालबागच्या एका चाळीत मी रुग्णाला शोधत गेलो, तर चाळीच्या जागी पत्रे ठोकलेले होते. समोरच्या पानवाल्याने ‘ते विरारला गेले’ म्हणून सांगितले. आम्ही त्याच्या केसपेपरवर ‘संपर्क तुटला, बहुधा पुन्हा सुरू’ असे लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात तो दहा महिने प्यायलेला नव्हता, फक्त विरारहून लोकलच्या गर्दीत खाली येणे त्याला जमत नव्हते. तो शेरा माझ्याच हातचा होता.

नव्या औषधाची चाचणी वगैरे क्वचित असते, आणि 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा संशोधनासाठी रुग्णाला सगळे समजावून त्याची मोकळी संमती घ्यावी लागते. नकार दिला म्हणून उपचार अडत नाहीत, हे वहिनींना अवश्य सांगावे.

केंद्र निवडताना ‘किती टक्के बरे होतात’ एवढेच विचारून थांबू नका, ‘जे पुन्हा आलेच नाहीत त्यांना कशात धरता’ हेही विचारा. आणि दाखल करायला जाल तेव्हा भावाने शेवटची दारू कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून न्या. फिटचा धोका किती तास राहील, याचा अंदाज डॉक्टर त्यावरूनच बांधतात.