अमेरिकेच्या सैन्यात जादूटोणावाल्यांनाही पूजेला जागा देतात म्हणे. सैन्यात असले लाड कशाला?

देतात. 'लाड' हा शब्द वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. ग्रीन कार्डावर भरती होऊन मी त्या सैन्यात चार वर्षं काढली आहेत.

पहिल्याच आठवड्यात डॉग टॅगच्या, म्हणजे गळ्यातल्या ओळखीच्या पट्टीच्या रांगेत धर्म विचारतात. मी म्हणालो, हिंदू. मशीनवरच्या माणसाने मान वर न करता 'नो प्रेफरन्स' ठोकलं. म्हणजे काहीही चालेल. दोन रात्री झोप नाही, मागे दीडशे पोरं, समोर ओरडणारा सार्जंट. काही बोललो नाही. मेलो असतो तर 'काहीही चालेल' म्हणूनच पुरलं असतं.

रविवारी सकाळी ज्याने त्याने आपापल्या प्रार्थनेला जायचं, उरलेल्यांनी बराकीतले संडास घासायचे. हिंदूंचं तिथे काहीच नव्हतं. दोन रविवार घासले. तिसऱ्या रविवारी वरच्या बंकवरचा ओहायोचा पोरगा म्हणाला, आमच्यात चल. त्यांच्यात म्हणजे विक्कावाल्यांत, ज्यांना लोक जादूटोणावाले म्हणतात. वर्गातल्या खुर्च्या भिंतीला लावून पंधरा-वीस जण गोल बसलेले. मीठ, वाटीत पाणी, आणि आत जाळ करायला मनाई म्हणून सेलवरच्या मेणबत्त्या. चालवणाऱ्या बाईंनी पूर्वेपासून सुरुवात करून चारी दिशांना बोलावलं आणि मला आमच्या वास्तुशांतीतले दिक्पाल आठवले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा रडलो. (निम्मी पोरं संडास चुकवायला आली होती, हेही खरं. कीर्तनाला तरी सगळे अभंगासाठीच येतात का?)

ट्रेनिंग संपल्यावर हे काकांना फोनवर सांगितलं ती चूक झाली. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. "भुताखेतांच्या पूजेला गेलास? अरे, पलटणीचा देव एकच असतो." तेव्हापासून वाद चालू आहे.

आता लाडांचं. 1986 साली व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात अपील कोर्टाने विक्का हा धर्म आहे असं मानलं. (कैद्याला त्याने मागितलेलं पूजेचं सामान मात्र मिळालं नाही.) 1999 मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूडवर यांचे विधी चालतात हे गाजलं, तेव्हा बॉब बार या खासदाराने ते बंद करायची मागणी केली. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश म्हणाले की जादूटोणा हा धर्म आहे असं मला वाटत नाही. विक्का मानणारा सार्जंट पॅट्रिक स्ट्युअर्ट 2005 मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडलं त्यात गेला. सरकारी स्मृतिफलकावर नास्तिकांचंसुद्धा चिन्ह चालायचं, विक्काचं चिन्ह असलेला वर्तुळातला पंचकोनी तारा चालत नव्हता. त्याची बायको रॉबर्टा भांडत राहिली, तेव्हा कुठे 2007 मध्ये सरकार नमलं. कोलोरॅडोत हवाई दलाच्या अकादमीच्या आवारातल्या टेकडीवर यांच्यासाठी दगडांचं वर्तुळ केलं, तर 2010 मध्ये कुणीतरी तिथे भलामोठा लाकडी क्रूस आणून ठेवला. नवरा गमावलेल्या बाईला एका चिन्हासाठी भांडावं लागतं, आणि तुम्ही लाड म्हणता.

2025 मध्ये आधी दिल्ली हायकोर्टाने आणि मग सुप्रीम कोर्टाने भारतीय सैन्यातल्या एका ख्रिश्चन अधिकाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली. जवानांबरोबर तो मंदिरापर्यंत यायचा, गाभाऱ्यात जायला नकार द्यायचा. काकांनी बातमी पाठवली, खाली एकच शब्द: 'बघ'. बघितलं. अधिकाऱ्याने जवानांच्या देवापुढे उभं राहावं हे मला अर्धं पटतंही. आपल्याकडे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री पलटणीतल्या जवानांप्रमाणे नेमतात, आणि ते नीट चालतं. पण काका, तुमच्या पलटणीत जवळपास सगळेच 'मोरया' म्हणणारे, तुम्हाला प्रश्न पडणार कसा? मी दीडशेत एकटा होतो. आणि आपल्या वेशीवरचा शेंदूर फासलेला म्हसोबा अमेरिकेतल्या एखाद्या कडव्या पाद्र्याला दाखवा, तो तुम्हालाही विक्कावाल्यांच्याच रांगेत बसवेल.

हां, मागाल ते सगळं मिळतं असं नाही. कामाच्या आड येत असेल तर कमांडर नाही म्हणू शकतो, आणि बरंचसं चॅप्लिन, म्हणजे सैन्यातला धर्मगुरू, कसा भेटतो यावर असतं. मला बाप्टिस्ट पंथाचा ख्रिश्चन भेटला. माझी पट्टी त्यानेच बदलून आणवली. तुमच्यापैकी कुणी भरती होत असेल तर रांगेत माझ्यासारखे मुके राहू नका, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

जुनी पट्टी काकांना पाठवली होती. काकूने ती कपाटाच्या किल्लीला अडकवली आहे.