रिकव्हरी निघाली म्हणजे भरायचीच का? वाचकांची पत्रं, पगार-रजा-पेन्शन

या महिन्यात पत्रं लय आली. निम्म्यांच्या वर लोकांचा त्रास एकच, रिटायरमेंट तोंडावर आली, पेन्शन केस बनवायला सर्विस बुक उघडलं अन् आतमधी भलतंच निघालं. म्हणून त्यातलंच एक पत्र आधी घेतो अन् त्याला जागाही जास्त देतो.

प्रश्न : मी कृषी पर्यवेक्षक आहे. आधी गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात होतो, मग वर्धा जिल्ह्यात बदली झाली. येत्या मार्चमध्ये रिटायर होतो. आता वेतन पडताळणीत निघालं की एकस्तरचा, म्हणजे एक पायरी वरच्या पदाचा, पगार मले बदलीनंतरही सुरूच राहिला, तीन लाखाच्या वर रिकव्हरी, म्हणजे जास्त गेलेल्या पैशाची वसुली, काढली अन् ग्रॅच्युइटीतून कापतो म्हणते. बाबू म्हणते वसुलीला संमतीपत्र लिहून द्या, केस लवकर जाईल. देऊ का जी?

उत्तर : नका देऊ भाऊ. बाकी सगळं पुढं वाचा, पण त्या कागदावर सही करू नका.

आधी झालं काय ते समजून घ्या. आदिवासी अन् नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयानं एकस्तर पदोन्नतीची वेतनश्रेणी मिळते, पण ती त्या भागात आहे तोवरच. गडचिरोली असो की मेळघाट, तिथून बाहेर आलं की पगार मूळ श्रेणीत परत बसवायचा असतो. हे काम नव्या ऑफिसच्या आस्थापना टेबलाचं. जुन्या ऑफिसनं शेवटच्या वेतन प्रमाणपत्रात एकस्तरचा उल्लेख केला नाही, नव्यानं विचारलं नाही, सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर बिल निघत राहिलं अन् वर्षं निघून गेली. यात तुम्ही काही लपवलं नाही, खोटी माहिती दिली नाही. ही गोष्ट अर्जात पहिल्याच ओळीत लिहा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

सुप्रीम कोर्टाचा 18 डिसेंबर 2014 चा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. त्यात कोर्टानं सांगितलंय की ऑफिसच्या चुकीनं पैसे जास्त गेले असतील तर काही जणांकडून वसुली करता येत नाही. एक म्हणजे वर्ग तीन अन् चारचे कर्मचारी, म्हणजे आपले गट क अन् ड. दुसरे, जे रिटायर झाले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात होणार आहेत ते. अन् जास्तीचे पैसे आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ दिले गेले असतील तरीही नाही. तुम्ही गट क मध्ये आहात अन् मार्चमध्ये जाताय, म्हणजे दोन मुद्दे तर सरळ तुमच्या बाजूचे. आता ऑफिस म्हणेल की पगारनिश्चितीच्या वेळी तुम्ही वचनपत्र लिहून दिलं होतं, जास्त गेलं तर परत करीन म्हणून. त्याला आधार म्हणून 2016 चा जगदेव सिंग प्रकरणाचा निकाल दाखवतात, पण तो माणूस दिवाणी न्यायाधीश होता, वर्ग तीनचा नव्हता, हे तुम्ही लेखी मांडा. अन् म्हणूनच म्हणतो की आता नवीन संमतीपत्र देऊ नका, नाहीतर उद्या तोच कागद तुमच्यासमोर धरतील.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी ठेवून ऐका. वसुली थांबली तरी पगार बरोबर श्रेणीत परत बसेल अन् पेन्शन त्या कमी पगारावरच निघेल. ते कोर्टही थांबवत नाही.

करायचं काय तर वसुलीचा महिनावार तक्ता लेखी मागा, सर्विस बुकच्या झेरॉक्स काढा, ज्या पानावर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे अन् खाली लाल शाईत शेरा लिहिलाय ते पान तर नक्कीच. मग हरकतीचा अर्ज द्या अन् आपल्या कॉपीवर आवक नंबर, तारीख, सही घ्या. तोंडी बोलणं काही कामाचं नाही. तरीही कापलंच तर तुम्ही राज्य शासनाचे कर्मचारी म्हणून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ नागपूरलाच आहे, मुंबईला जायचं काम नाही. आदेश झाल्यापासून एका वर्षाच्या आत जा. जिल्हा परिषदवाल्यांना मात्र तिथं जाता येत नाही, त्यांना हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ.

मले या गोष्टीचा खरंच राग येते. एटापल्लीसारख्या ठिकाणी उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला जाताजाता चोरासारखं हिशोबाला उभं करतात अन् चूक असते टेबलाची.

प्रश्न : माझी जन्मतारीख 1 जुलै. ऑफिसवाले म्हणतात 30 जूनला रिटायर, मग 1 जुलैची वेतनवाढ गेली का?

उत्तर : तारीख बरोबर सांगितली त्यांनी. एक तारखेला जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर व्हावं लागते. आपल्याकडं खेड्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला 1 जुलैच लिहून टाकली, त्यामुळं तुमच्यासारखे बरेच आहेत अन् वर्षभर काम करून एका दिवसानं वाढ हुकायची. पण 11 एप्रिल 2023 ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं की वर्षभर चांगलं काम केलं म्हणजे वाढ कमावलीच, दुसऱ्या दिवशी नोकरीत नसला तरी. मग 2023 मध्येच आपल्या वित्त विभागाचाही शासन निर्णय निघाला. ही वाढ कागदावर धरतात अन् त्या पगारावर पेन्शन बसवतात. मूळ पगार 50,000 धरला तर वाढ साधारण 1,500 ची, पेन्शन त्याच्या निम्म्यानं वाढते, वर महागाई, अन् हे जन्मभर. पेन्शन केसमध्ये ही वाढ धरली का ते नागपूरच्या महालेखापालांकडं कागद जायच्या आधीच बघून घ्या, नंतर दुरुस्ती करायला लय फिरावं लागते.

प्रश्न : माझे मिस्टर दारव्हा तालुक्यात सरकारी ऑफिसात शिपाई होते, 2009 ला लागले होते. मागच्या वर्षी ड्युटीवर असताना अटॅकनं गेले. ऑफिसमध्ये म्हणतात ते एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) होते, तुम्हाला पेन्शन नाही, खात्यात जमा असेल तेवढं घ्या. दोन लहान लेकरं आहेत.

उत्तर : ताई, ज्यानं हे सांगितलं त्यानं चुकीचं सांगितलं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही हे खरं, पण मार्च 2023 मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला अन् त्याच महिन्यात, 31 मार्च 2023 ला, वित्त विभागानं शासन निर्णय काढला की एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना 1982 च्या पेन्शन नियमाप्रमाणं कुटुंब निवृत्तीवेतन मिळेल, शिवाय मृत्यू उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटीसुद्धा. तुमचा हक्क आहे हा, कोणाची मेहरबानी नाही.

त्या शासन निर्णयाची प्रत महाराष्ट्र शासनाच्या वेबसाईटवर फुकट मिळते, गावच्या सेतू केंद्रातून प्रिंट काढा अन् कार्यालय प्रमुखाच्या नावानं अर्ज करून सोबत जोडा. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, लेकरांचे जन्मदाखले, तुमचं बँक पासबुक लागेल. अन् तोवर एनपीएसचे सगळे पैसे काढायच्या फॉर्मवर कोणी सही मागितली तर थांबा, आधी कुटुंब पेन्शनचं काय झालं ते लेखी घ्या. शिल्लक अर्जित रजेचे पैसेही तुम्हालाच मिळतात, ते कोणी आपणहून सांगत नाही म्हणून लिहितो. अनुकंपाचा, म्हणजे मिस्टरांच्या जागी घरच्याला नोकरी मिळण्याचा, अर्ज द्यायचा असेल तर त्याला मुदत असते, तो याच आठवड्यात द्या. एकट्या जाऊ नका, दीर किंवा भाऊ कोणी सोबत घ्या, अन् प्रत्येक कागदाची पोच घ्या.

प्रश्न : मी तहसीलमध्ये क्लार्क आहे, अचलपूरजवळ. आईचं मांडीचं हाड मोडलं, घरी दुसरं कोणी नाही. ईएल (अर्जित रजा) टाकू की मेडिकल? सोबतचे म्हणतात डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून दे, काम होते.

उत्तर : परिवर्तित रजा, ज्याला सगळे मेडिकल म्हणतात, ती तुमच्या स्वतःच्या आजारासाठी. आजारी आई आहे, तर खोटं सर्टिफिकेट कशाला आणता? रुजू होताना फिटनेसचा दाखला द्यावा लागते अन् साहेबाला शंका आली तर मेडिकल बोर्डाकडं पाठवू शकतात. शिवाय त्या रजेत तुमच्या रजेच्या खात्यातून अर्धपगारी रजेचे दुप्पट दिवस जातात.

सरळ अर्जित रजा टाका अन् कारण खरं लिहा. वर्षाला 30 मिळतात, 1 जानेवारीला 15 अन् 1 जुलैला 15. रिटायर होताना 300 पर्यंत शिल्लक रजेचे पैसे मिळतात म्हणून लोक ती जपून ठेवतात, पण तुमची नोकरी अजून बरीच आहे, भरून निघेल. फारच लांबलं तर अर्धपगारी रजा घरगुती कारणासाठीही घेता येते, तिला सर्टिफिकेट लागत नाही. अन् किरकोळ रजा या रजेला जोडू नका, चालत नाही.

प्रश्न : आईला बाबांची कुटुंब पेन्शन आहे. जन्म शेतात गेला, बोटाचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. हयातीच्या दाखल्याचं कसं करायचं?

उत्तर : ठसा उमटला नाही म्हणून पेन्शन जात नाही. नोव्हेंबरमध्ये आईला बँकेत नेऊन कोषागाराच्या यादीवर सही किंवा अंगठा केला तरी झालं. बँक दूर असेल तर जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाइन हयात-दाखल्याच्या सोयीत आता चेहरा दाखवून मोबाईलवरही दाखला होते, उजेडात बसवा अन् चष्मा काढून ठेवा. दाखला झाला की नंबर येते तो लिहून ठेवा. अन् डिसेंबरची पेन्शन जमा झाली का ते पासबुकात बघा, नसेल तर बँकेत भांडत बसू नका, सरळ कोषागारात जाऊन विचारा, पेन्शन तिथूनच निघते.