रक्तदानाला गेले, पण हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. पुन्हा प्रयत्न करू का?

हो, करा. पण लगेच पुढच्या रविवारच्या कॅम्पला नका जाऊ. तुम्ही लिहिलंय की हिमोग्लोबिन ११.६ आलं, सगळ्यांसमोर रांगेतून परत फिरावं लागलं आणि तेव्हापासून आपला काही उपयोगच नाही असं वाटतंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण मी दोनदा अशीच परत आलेय आणि तिसऱ्या वेळी दिलंय.

मला द्यायचं होतं ते ताईमुळे. तिच्या बाळंतपणात रक्त थांबेना, रात्री दीड वाजता भाऊजी आणि माझे वडील ब्लड बँकेच्या खिडकीशी उभे, तीन पिशव्या लागल्या (आमच्याकडे अजून बाटल्याच म्हणतात). कोणाचं रक्त होतं ते कळलं नाही आणि कधी कळणारही नाही. मी तेव्हा बारावीत होते, अठरा पूर्ण झाली की आपण द्यायचं हे मनात तेव्हाच पक्कं झालं.

पहिल्यांदा कॉलेजच्या कॅम्पमध्ये वजनकाट्यावरूनच परत आले, ४५ किलो लागतं आणि मी ४२. त्याचं एवढं काही वाटलं नाही.

दुसरी वेळ मात्र जिव्हारी लागली. गणपतीत मंडळाचा कॅम्प होता, वजन ४८ झालेलं, फॉर्म भरला, बोटाला टोचलं आणि त्या माणसाने काचेच्या भांड्यातल्या निळ्या पाण्यात थेंब सोडला. आम्ही तासगावकडचे, घरची द्राक्षबाग, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना कालवून बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं औषध, करताना लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे तो निळा रंग बघताक्षणी ओळखला, मोरचूदाचंच पाणी ते. त्याची घनता मुद्दाम १.०५३ ठेवतात, म्हणजे हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर असेल तर थेंब तेवढा जड असतो आणि १५ सेकंदांच्या आत तळाला जातो. माझा अर्ध्यापर्यंत गेला, तिथेच थांबला आणि हळूहळू वर आला. मंडळातला एक पोरगा म्हणाला, अहो ताई घरच्याच आहेत, घ्या की. तो टेक्निशियन म्हणाला, नाही घेता येणार. तेव्हा मला त्याचाच राग आला होता, आता वाटतं त्या गर्दीत आणि त्या आग्रहात तो माणूस ठाम राहिला हे माझ्यावर उपकारच झाले.

पण एक गोष्ट मला अजून खटकते आणि ती तुमच्या बाबतीतही झालेली दिसतेय. मला "पालक, बीट खा" एवढंच सांगून पाठवलं. नेमकं किती कमी आहे, कुठे दाखवायचं, कुठली टेस्ट करायची, काहीच नाही. परत पाठवणं बरोबरच आहे, पण असं मोकळ्या हाताने पाठवू नये, एक चिठ्ठी तरी द्यावी की उद्या जाऊन सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी रक्ततपासणी) करा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, म्हणजे रांगेतून परत गेलेल्या कितीतरी जणींना तिथेच पहिल्यांदा आपल्या आजाराचा पत्ता लागत असणार, आणि त्यांना आपण बीट खा म्हणून घरी पाठवतो! बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्यात फार लोह असतं असं नाही हो.

मी पण आठ महिने काहीच केलं नाही. मग जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरकडे गेले. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ६. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो जवळजवळ संपलेला. डॉक्टरबाईंनी विचारलं पाळी किती दिवस असते, मी म्हटलं सात-आठ, सगळ्यांनाच असते की. त्या म्हणाल्या सगळ्यांना नसते. आमच्या घरात आईला, आत्याला, ताईला सगळ्यांना तशीच, त्यामुळे हे जास्त आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर विचारलं कच्चे तांदूळ, खडू, माती असलं काही खावंसं वाटतं का. मी गप्पच झाले. शाळेपासून मी येता-जाता मूठमूठ तांदूळ खायचे आणि आई ओरडायची की लग्नात पाऊस पडेल. ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं हे मला तिथे कळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत ती इच्छा आपोआप गेली.

गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट जड होतं, घाबरून सोडू नका, फार त्रास झाला तर डॉक्टरला सांगून बदलून घ्या. मी लिंबूपाण्यासोबत घ्यायचे आणि जेवणावर लगेच चहा बंद केला, हे सगळ्यात अवघड गेलं कारण आमच्याकडे ताट उचललं की चहा. चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलंच जात नाही. आळिवाचे लाडू चालू होतेच, पण नुसत्या लाडवांवर ९.४ चं १३ होत नाही. आणि आकडा वर आल्यावरही साठा भरायला अजून तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या होत्या.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा १३.१. थेंब सरळ तळाला. मला तिथेच रडू आलं, सिस्टरला वाटलं सुईला घाबरले. सुई जाड असते, टोचताना दुखतं, मग हातात बॉल दाबत पडून राहायचं, सात-आठ मिनिटांत ३५० मिली झालं. नंतर बिस्किटं, कॉफी, आणि मी अर्धा तास उठलेच नाही.

तुमच्यासाठी एवढंच. ११.६ म्हणजे बाईसाठीच्या १२ च्या पण खाली आहे, त्यामुळे सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही करा आणि पाळीबद्दल डॉक्टरशी मोकळं बोला. एखादीचं १२.२ आलं तर तिला ॲनिमिया नसतो, तरी रक्त घेत नाहीत कारण तिथली मर्यादा १२.५ आहे. ३५० मिली रक्तासोबत साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं, ते भरून यायला वेळ लागतो, म्हणून पुरुषांना ९० दिवसांनी चालतं आणि आपल्याला १२० दिवस थांबावं लागतं. जाल तेव्हा उपाशी जाऊ नका, आदल्या रात्री नीट झोपा, भरपूर पाणी प्या.

माझे १२० दिवस पुढच्या महिन्यात भरतात. या वेळी ताई पण बरोबर येणारे. तिला रक्त चढवलं त्याला बरीच वर्षं झाली आणि गेल्या आठवड्यात तिचं १२.८ आलंय.